छावणीचा खेळ आणि गावचे रान



भीमा आणि मुळा-मुठा ह्या नद्यांच्या मधोमध जो काळ्या मातीचा सखल मुलूख पसरला आहे, त्यास राहू बेट म्हणतात. समुद्राचा येथे काही संबंध नाही. दोन अंगांनी नदी वाहत असली म्हणजे मधल्या जमिनीस आपले शेतकरी बेट हेच नाव देतात. ज्याच्यावरून बेटाची ओळख पडली ते राहू गाव दौंड तालुक्यात मोडते, आणि भीमेचे पात्र ओलांडले की शिरूर तालुक्याची हद्द लागते. जमीन कसदार आणि पाणी हाताशी, म्हणून येथे ऊस आला. उसामागून गुऱ्हाळे आली. चुलवाणात चिपाडे लोटणारा गडी, काहिलीतल्या उकळत्या रसावर नजर खिळवून उभा असलेला गुळव्या, आणि ओळीने मांडून ठेवलेल्या गुळाच्या ढेपा, हे ह्या बेटाचे चित्र पुण्याच्या बाजारपेठेस चांगले परिचयाचे आहे. खेळाच्या नावाने विचाराल तर ह्या सगळ्या पट्ट्याची आवड कुस्तीची. जत्रा म्हटली की फड, आणि फड म्हटला की नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत पागोटी सावरीत उभी राहिलेली माणसे, हा येथील रिवाज फार जुना आहे.

आज मात्र ह्या बेटाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे ते निराळ्याच खेळाच्या निमित्ताने. तो खेळ हॉकीचा. ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या भारतीय हॉकी संघांच्या याद्या चाळल्या तर त्यांत राहूचे नाव सापडणार नाही. मग त्याची चर्चा कशाला, असे आपण म्हणाल. ती अशासाठी की, हिंदुस्थानातील खेड्यांत हॉकी ज्या तीन वाटांनी शिरली त्या तिन्ही वाटा राहू बेटाच्या अगदी शिवेला लागून गेल्या आहेत. भीमेपलीकडे घोडनदीस लष्कराची छावणी होती. दौंडास रेल्वेचे मोठे जंक्शन झाले. आणि बेटाच्या दक्षिणेस केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले. छावणी, रेल्वे आणि मिशन! ह्यांपैकी एकेकीच्याच आधाराने देशात इतरत्र शेतकऱ्यांची गावेच्या गावे हॉकीच्या नादी लागली. येथे तिन्ही असून तो नाद का लागला नाही? प्रश्न लहान दिसतो. परंतु परका खेळ एखाद्या गावाचा घरचा कसा होतो, हे ह्याच प्रश्नाच्या पोटात दडलेले आहे.

प्रथम हा खेळ आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडात हॉकीचे नियम ठाकठीक बसविणारी मध्यवर्ती संस्था १८८६ साली निघाली, आणि त्याच सुमारास कलकत्त्यास पहिले क्लब स्थापन झाले. १८९५ मध्ये कलकत्त्याची बेटन चषक स्पर्धा आणि १८९६ मध्ये मुंबईची आगाखान स्पर्धा सुरू झाली. गोऱ्या पलटणींनी हा खेळ छावण्यांत नेला, व त्यांच्यापासून तो देशी पलटणींनी उचलला. कारण उघड आहे. पोलोला घोडा लागतो, क्रिकेटला दिवसभराची सवड आणि बरेचसे सामान लागते. हॉकीस एक काठी, एक चेंडू आणि सपाट जमीन एवढ्यावर भागते, आणि तासाभरात बावीस माणसांचा चांगला घाम निघतो. ध्यानचंद १९२२ साली पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा हॉकी त्यांस जवळजवळ ठाऊकच नव्हती. ती त्यांस सुभेदार-मेजर बाले तिवारी ह्यांनी पलटणीच्याच मैदानावर शिकविली. १९२८ साली आपला संघ मुंबई बंदरातून ॲमस्टरडॅमला निघाला त्या वेळी त्यास निरोप देण्यास जेमतेम तीन माणसे हजर होती. तोच संघ सुवर्णपदक घेऊन परतला तेव्हा मात्र धक्क्यावर पाऊल ठेवण्यास जागा उरली नाही. लोकांचे हे असेच असते.

आता पंजाबातील एका गावाकडे वळू. जालंदरच्या छावणीस अगदी खेटून संसारपूर म्हणून एक खेडे आहे. वस्ती मुख्यत्वे कुलार ह्या एकाच कुळीच्या जाट शिखांची, धंदा शेतीचा. हॉकी येण्यापूर्वीही पंजाबच्या खेड्यांतून चिंध्यांचा चेंडू आणि टोकाशी वाकलेली काठी घेऊन ‘खिद्दो-खुंडी’ नावाचा खेळ मुले खेळतच असत. त्यामुळे छावणीतील शिपायांचा खेळ पाहून गावच्या पोरांस तो अनोळखी वाटला नाही. आपल्याच खेळाला कोणी नियम लावून दिले आहेत, एवढेच त्यांस वाटले असावे. झाडाची वाकडी फांदी तोडून तासायची आणि शिपाई मैदान सोडून गेले की आपण उतरायचे, असा क्रम सुरू झाला. पुढे गावकरीच शिपायांशी सामने खेळू लागले.

ह्या गावचा पहिला ऑलिंपिकपटू गुरमीतसिंग कुलार. १९३२ साली लॉस एंजेलिसला गेलेल्या संघात तो होता. त्या वर्षी अवघे तीनच संघ हॉकीत उतरले होते, आणि आपल्या संघाने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला होता. एक मुलगा गावातून सातासमुद्रापार जाऊन पदक घेऊन आला, ही गोष्ट त्या गावाने किती वेळा आणि किती परीने सांगितली असेल ह्याची कल्पना खेड्यात राहिलेल्यांस सहज येईल. त्यानंतर उधमसिंग आला. १९५२, १९५६, १९६० आणि १९६४ अशा चार ऑलिंपिकांत तो खेळला. तीन सुवर्ण आणि एक रौप्य पदक त्याच्या नावावर आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात आपल्या संघाने एकंदर ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्या संघात उधमसिंगाच्या जोडीस संसारपूरचाच गुरुदेवसिंग होता.

परंतु खरा नवलाचा प्रसंग १९६८ चा, मेक्सिकोचा. त्या एका स्पर्धेत ह्या एका खेड्याचे सात खेळाडू उतरले. पाच भारताकडून आणि दोन केनियाकडून! पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधली गेली तेव्हापासून पंजाबी माणूस तेथे जाऊन वसला होता, आणि जाताना त्याने काठी बरोबर नेली होती. भारताच्या त्या संघात बलबीरसिंग नावाचे तीन खेळाडू होते, एक रेल्वेचा, एक सैन्याचा, एक पंजाब पोलिसांचा. पैकी दोघे संसारपूरचे. रेडिओवर धावते वर्णन करणाऱ्यांची त्या दिवसांत काय त्रेधा उडाली असेल, ते आम्हां बोलणाऱ्यांनाच समजेल. ह्याच संघात अजितपालसिंग हा विशीतला तरुण होता. १९७५ साली कुआलालंपूर येथे भारताने जगज्जेतेपद मिळविले तेव्हा संघाचे नेतृत्व ह्या संसारपूरच्या पुत्राकडे होते. ह्या गावाच्या ऑलिंपिकपटूंची संख्या १४ सांगतात. हॉकीच्या जगात एवढी पुण्याई दुसऱ्या कोणत्या खेड्याच्या गाठी असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे सारे केवळ हौसेने झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. वर तीन बलबीरसिंगांचा उल्लेख आला; त्यांची ओळख गावावरून होत नसे, नोकरीवरून होई, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. रेल्वे, सैन्य, पोलीस. जमिनीची वाटणी होता होता धाकट्या मुलाच्या वाट्यास येणारा तुकडा पोटास पुरेसा राहत नाही, हे दुःख पंजाबच्या शेतकऱ्यास आहे तसेच आपल्याही शेतकऱ्यास आहे. हॉकीची काठी उत्तम चालविणाऱ्या मुलास पलटणीत किंवा पोलिसांत कायमची नोकरी मिळते असे दिसल्यावर बाप स्वतः त्यास मैदानावर धाडू लागला. घरातील म्हातारा कोतारा जो खेळ पाहतो, ज्याच्यावर चावडीवर वाद होतात आणि ज्याच्यामुळे घरात पगार येतो, तो खेळ मग परका राहत नाही.

दक्षिणेस कोडगु अथवा कूर्ग प्रांतात हीच गोष्ट निराळ्या वळणाने घडली. भाताची खाचरे आणि कॉफीचे मळे करणारे कोडव लोक पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आले. स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती करिअप्पा ह्याच लोकांतले. निवृत्त होऊन घरी परतलेल्या शिपायांबरोबर हॉकी गावात आली. १९७३ च्या जागतिक स्पर्धेतील कर्णधार एम. पी. गणेश आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकातील कर्णधार सोमय्या हे कोडगुचेच. मात्र त्या लोकांची खरी कल्पकता मला दिसते ती १९९७ साली पांडंडा कुट्टप्पा ह्यांनी करडा गावी सुरू केलेल्या कुळांच्या स्पर्धेत. कोडवांत प्रत्येक घराणे म्हणजे एक कुळ. प्रत्येक कुळाने आपला संघ उतरवावयाचा. आजोबा गोल राखीत आहेत, सून आघाडीस आहे, नातू मधल्या फळीत धावत आहे, असे संघ तेथे पाहावयास मिळतात. दरसाल निराळे घराणे यजमानपद घेते आणि चषकास त्या घराण्याचे नाव मिळते. पहिल्या वर्षी ६० कुळे उतरली. २०२४ साली नापोक्लू येथे झालेल्या स्पर्धेत ३६० संघ होते! आपल्याकडील भाऊबंदकीस अशी एखादी वाट कोणी काढून दिली असती तर कोर्टकचेऱ्यांचा बराच भार हलका झाला असता.

छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखात काठी गेली ती मिशनच्या शाळांतून. खुंटीजवळच्या टकरा गावी जन्मलेले जयपालसिंग मुंडा रांचीच्या मिशन शाळेत शिकले, तेथून इंग्लंडात ऑक्सफर्डला गेले, आणि १९२८ च्या ऑलिंपिकात भारताच्या पहिल्या संघाचे कर्णधार झाले. पुढे घटनासमितीत आदिवासींची बाजू त्यांनीच मांडली. त्या भागात गावोगाव ‘खस्सी’ स्पर्धा होतात. खस्सी म्हणजे बोकड, आणि जिंकणाऱ्या संघास बक्षीसही तोच. चषक कपाटात धूळ खात पडतो, बोकडाचे तसे होत नाही. सामना संपला की संध्याकाळी अवघ्या गावास त्याची चव कळते. सिमडेगा जिल्ह्यातील बडकीछापर ह्या खेड्यातील शेतकऱ्याची मुलगी सलीमा टेटे बांबूच्या काठीने खेळत मोठी झाली, आणि २०२४ साली भारतीय महिला संघाची कर्णधार झाली.

ही उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवून आता पुन्हा भीमेकाठी येऊ.

घोडनदीची छावणी जुनी, पेशवाईच्या अखेरच्या काळातली. कोरेगावच्या लढाईस गेलेली इंग्रजांची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी ह्याच शिरूरहून निघाली होती. पुढे पूना हॉर्स नावाच्या घोडदळाचे ठाणे दीर्घकाळ येथे होते. हे शिलेदारी घोडदळ. म्हणजे स्वार घोडा स्वतःचा आणणार. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासूनची, आणि दौंड-राहूचा हा मुलूख म्हणजेच ती भीमथडी. तेव्हा ह्या छावणीचा आणि आसपासच्या गावांचा संबंध नव्हता असे म्हणता येत नाही. परंतु घोडदळाचे खेळ घोड्यावरचे. भरधाव जाऊन जमिनीत रोवलेली मेख भाल्याने उचलावी, ह्यात स्वाराची शोभा. हॉकी ही पायदळाची करमणूक, आणि ती देशात रुजली त्यापूर्वीच घोडनदीच्या छावणीचे महत्त्वाचे दिवस उलटू लागले होते. जालंदरची छावणी हॉकीच्या ऐन भरात नांदत राहिली. घोडनदीचे नशीब ह्या बाबतीत पन्नास वर्षे आधी उगवले, असे म्हणता येईल.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८०९ साली कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी शिरूरास वारला. त्याच्या थडग्यास आसपासचे लोक सत्पुरुषाचे स्थान मानू लागले, आणि सुगीस नव्या धान्याचा नैवेद्य तेथे दाखविला जाऊ लागला. जुन्या गॅझेटियरात ह्याची नोंद आहे. म्हणजे आमच्या शेतकऱ्याने छावणीकडून खेळ घेतला नाही, पण देव मात्र घेतला! परक्याचे काही स्वीकारावयाचेच नाही असा त्याचा हट्ट होता, हे म्हणणे ह्यामुळे टिकत नाही.

केडगावच्या मिशनचे काम छोटा नागपूरच्या शाळांहून अगदी वेगळे. दुष्काळात निराश्रित झालेल्या मुली व स्त्रिया ह्यांस आसरा द्यावा, त्यांस लिहिणे-वाचणे आणि हाताला उद्योग शिकवावा, हे रमाबाईंनी अंगावर घेतलेले कार्य. तेथून गावोगावच्या मुलग्यांत एखादा मैदानी खेळ पसरावा ही अपेक्षाच अस्थानी. रेल्वेचे म्हणाल तर, रेल्वेच्या वसाहती म्हणजे गावाबाहेरची स्वतंत्र गावे असत. त्यांचे बंगले निराळे, त्यांची इन्स्टिट्यूट निराळी, मैदान निराळे. रुळांच्या अलीकडचा शेतकरी दौंडास जाई तो बाजारास किंवा गाडीस. मैदानाचे फाटक त्याच्या वाटेवर नव्हते.

खुद्द पुण्याजवळ खडकीस मात्र हॉकीने चांगलेच मूळ धरले. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत १९६८ साली जन्मलेल्या धनराज पिल्ले ह्याने मोडक्या काठ्या बांधून खेळास आरंभ केला आणि १९९२ पासून २००४ पर्यंत लागोपाठ चार ऑलिंपिकांत तो भारताकडून खेळला. पण खडकीची ती पोरे कामगारांची आणि शिपायांची. त्यांचे बाप पाळी संपली की मोकळे. उसाच्या शेतकऱ्यास पाळी असते ती पाण्याची, आणि ती रात्री-अपरात्री केव्हाही येते. शिवाय जमिनीचाही विचार करावा लागतो. हॉकीचा चेंडू सरळ धावावयाचा तर भूमी टणक आणि सपाट हवी. बेटाची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात पायास बिलगते. बागायत झाल्यावर तर पडीक रान म्हणून राहत नाही. संसारपूरच्या पोरांस छावणीचे तयार मैदान मिळाले. येथे ते कोणी द्यावे? कुस्तीस काय, खोलीएवढी जागा आणि चार गाड्या तांबडी माती पुरते. तालमीस वस्ताद होता, फडास पैसा देणारे होते, आणि जिंकलेल्या मल्लास गावात मान होता. संसारपुरात हॉकीने जी जागा भरली ती येथे आधीच भरलेली होती, असे माझे मत आहे.

ह्यानंतर खेळाचीच भूमी बदलली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकात हॉकी प्रथमच गवताऐवजी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि वर्षभरापूर्वी जग जिंकलेला आपला संघ सातव्या स्थानी फेकला गेला. त्या संघाचा कर्णधारही अजितपालसिंगच होता. कृत्रिम मैदानास खर्च अफाट. त्यावर सामन्याआधी पाणी मारावे लागते, काठीही निराळी लागते. झाडाची फांदी तासून आता भागेना. संसारपूरचे तरुण कॅनडा-इंग्लंडकडे जाऊ लागले होतेच. आता गावच्या गवती मैदानाचे मोलही उतरले. त्या परिसराची ज्योत मग शेजारच्या मिठापूरने सांभाळली. परगटसिंग तेथला, आणि टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली, ४१ वर्षांनी भारतास पदक मिळवून देणाऱ्या संघाचा कर्णधार मनप्रीतसिंगही तेथलाच.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दारी हॉकी आली ती ह्या नव्या काळात, आणि जुन्या तिन्ही वाटा सोडून चौथ्याच वाटेने आली. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने गावोगावच्या शाळांतून चपळ मुले-मुली निवडून त्यांस एकत्र ठेवून शिकविण्याचा क्रम घातला. पुण्याजवळ बालेवाडीस कृत्रिम मैदान झाले. फलटण तालुका हाही राहू बेटासारखा उसाचाच. त्या तालुक्यातील आसू गावची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे ह्या शेतकऱ्यांच्या मुली अशा रीतीने बालेवाडीस आल्या. दोघींनी भारतीय महिला संघात स्थान मिळविले. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात वैष्णवी होती. ज्या घरांत ह्यापूर्वी कोणी हॉकीची काठी हातात धरली नव्हती, अशी ही घरे. गावाने खेळ उचलण्याची वाट न पाहता खेळानेच येऊन गावातील मूल उचलले, हा ह्या चौथ्या वाटेचा विशेष. संसारपुरात आधी गाव खेळले आणि मग खेळाडू निघाला. फलटणकडे आधी खेळाडू निघाला आहे, आणि आता त्या गावांच्या शाळांतून धाकट्या मुली काठ्या मागू लागल्या आहेत.